गोंडी धर्मगीते व त्यांचा अर्थनिर्णय

गोंडी धर्मगीते व त्यांचा अर्थनिर्णय : पूर्व विदर्भातील चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत राहणाऱ्या गोंड व माडिया समाजांत देवकार्य, मृतसंस्कार, विवाह व ऋतूंचे सण या प्रसंगी जी गीते परंपरेने गाइली जातात, त्यांस स्थूलमानाने गोंडी धर्मगीते म्हणता येईल. ही गीते कोणत्याही एका ग्रंथात बद्ध नाहीत. ती गायकाच्या स्मरणात राहिली आणि विधीबरोबरच पुढील पिढीस मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मिशनरी, शासकीय अधिकारी, मानवशास्त्रज्ञ व लोकसाहित्याचे अभ्यासक यांनी ती लिहून घेतली, भाषांतरिली आणि त्यांचा अर्थ लावला. अलीकडच्या काळात गोंड समाजातील लेखकही या कार्यात उतरले आहेत. गीत एका श्रद्धेचे आणि अर्थ दुसऱ्या श्रद्धेच्या चष्म्यातून, असे या इतिहासात वारंवार घडले. म्हणून गीतांचा अर्थ प्रथम त्यांच्या स्वतःच्या श्रद्धाविश्वातून कसा लावावा, हा प्रश्न केवळ वाङ्मयीन न राहता एका मोठ्या समाजाच्या धार्मिक ओळखीशी निगडित झाला आहे.

प्रदेश व पार्श्वभूमी : चांदा येथे गोंड राजघराण्याची सत्ता दीर्घ काळ होती. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी ती संपुष्टात आणली आणि भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर हा प्रदेश इंग्रजांकडे गेला. राजुरा तालुका हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत १९५६ साली तो प्रथम नांदेड जिल्ह्यास व १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यास जोडण्यात आला. पुढे चांदा जिल्ह्यास चंद्रपूर हे नाव मिळाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याच्या पूर्वेकडील भागाचा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. या राजकीय सीमा गीतांच्या परंपरेस मात्र लागू पडत नाहीत. राजुरा व जिवती भागांतील गोंडांचे देवकार्य, त्यांचे परधान व त्यांची गीते ही तेलंगणातील राजगोंडांशी एकरूप आहेत, तर भामरागड व एटापल्ली येथील माडियांची गीतपरंपरा अबुजमाड व बस्तर यांच्याशी जवळची आहे. त्यामुळे ‘गोंडी धर्मगीते’ हे एकवचनी नाव सोयीचे असले, तरी त्यामागे निदान दोन वेगळ्या परंपरा आहेत, हे आरंभीच ध्यानात घ्यावयास हवे.

चांद्याच्या गोंड राजांनी हिंदू देवालयेही बांधली. चंद्रपूरचे महाकाली मंदिर राणी हिराईने बांधविल्याचे प्रसिद्ध आहे. एकाच समाजात राजाश्रयाने उभी राहिलेली देवालये आणि कुळांकुळांतील पेनांची उपासना ही दोन्ही शतकानुशतके शेजारी नांदली. गीतांतील नावांवरून उपासनेचे मूळ ठरविताना हे साहचर्य विसरून चालत नाही.

गायक व प्रसंग : गोंडांच्या कुळदेवतेस पेरसापेन, म्हणजे मोठा देव, असे म्हणतात. विदर्भात फडापेन आणि मध्य प्रदेशात बडादेव ही नावे रूढ आहेत. पेरसापेनाची मूर्ती नसते. लोखंडी भाल्याचे पाते, चवरी यांसारखी त्याची प्रतीके एरवी गुप्त जागी ठेवलेली असतात आणि देवकार्याच्या वेळी बाहेर काढून नदीवर न्हाऊ घालतात. राजगोंडांत असे सोहळे मुख्यतः पुस (पौष) व भावे (वैशाखाच्या सुमारास) या महिन्यांत होतात. विधी करणारा तो कटोडा आणि गीत सांगणारा तो परधान, अशी कामाची विभागणी असते. परधान हा कुळाचा वंशपरंपरागत भाट असून किंगरी नावाचे तंतुवाद्य गजाने वाजवीत तो कुळाची उत्पत्तिकथा सांगतो. त्याच्यावाचून देवकार्य व मृतसंस्कार पुरे होत नाहीत. राजगोंड प्रदेशातील बहुतेक परधानांची घरची भाषा मराठी असून ते गोंडी गीतांचे मुख्य रक्षक आहेत, ही बाब मराठी वाचकाने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

माडियांत परधानासारखा वंशपरंपरागत भाट सामान्यतः आढळत नाही. तेथे गावचा पेरमा विधी करतो आणि गीत सामुदायिक असते. सणास माडिया पंडुम म्हणतात. पेरणीपूर्वी बियाण्याचा आणि पुढे नव्या फळाचा व नव्या धान्याचा पंडुम झाल्याशिवाय त्या त्या वस्तूचे सेवन करावयाचे नाही, असा निर्बंध असतो. या प्रसंगीच्या गीतांत आनंद व निर्बंध ही दोन्ही सूत्रे एकत्र असतात. नुसता आनंद ऐकणाऱ्यास ते निसर्गगीत वाटते, परंतु गाणाऱ्यांच्या दृष्टीने ती जमिनीच्या खऱ्या धन्याकडून मागितलेली अनुज्ञा होय.

लिंगोची कथा : धर्मगीतांत सर्वांत महत्त्वाचे स्थान पहांदी कुपार लिंगो याच्या कथेचे आहे. ती अनेक पाठांत आढळते. १८६६ मध्ये छापलेल्या पाठानुसार कथेचा सारांश असा : गोंडांचे पूर्वज जन्मास आले, पण त्यांच्या वागण्याने व गंधाने रुष्ट झालेल्या महादेवाने त्यांना खारीच्या मागे लावून एका गुहेत नेले आणि तिच्या तोंडावर प्रचंड शिळा ठेवली. चौघे तेवढे निसटून काचीकोपा लोहागड येथे राहिले. पार्वतीला गोंडांची उणीव जाणवली व तिने व्रत केले. त्यानंतर एका फुलापासून लिंगो जन्मला. त्याने चौघा भावांना शेती व अग्नीचा उपयोग शिकविला, वाद्य वाजवून रिकाड गौरी नावाच्या राक्षसास नाचविले आणि त्याच्या मुली भावांना मिळवून दिल्या. खोट्या आळामुळे त्याच भावांनी लिंगोस ठार केले. पुन्हा जिवंत होऊन त्याने महादेवाची अट पुरी केली आणि गुहेतील गोंडांस मुक्त केले. पुराच्या पाण्यातून कासवाच्या साहाय्याने तो व उरलेले भाऊ तरले. अखेरीस त्याने लोकांची गटांत विभागणी केली, पेरसापेनाची उपासना व विवाहाचे विधी घालून दिले आणि तो अंतर्धान पावला.

आदिलाबाद व राजुरा भागांतील पाठांत गुहेच्या कथेत आणखी दोन व्यक्ती प्रमुख आहेत. एक जंगो रायताड (जंगूबाई) ही माता आणि दुसरा हिरासुका पाटालीर हा गायक. परधान आपली परंपरा या गायकापर्यंत नेतात. महाराष्ट्र-तेलंगण सीमेवरील डोंगरांतील जंगूबाईच्या गुहेशी पुस महिन्यात मोठी यात्रा भरते. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यातील कचारगड येथील विशाल गुहा हीच कथेतील गुहा होय, अशीही श्रद्धा असून तेथे माघी पौर्णिमेस लाखो गोंड जमतात.

लेखनाचा आरंभ : या कथेचा पहिला महत्त्वाचा लिखित पाठ स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) या स्कॉटिश मिशनऱ्याने मिळविला. तो १८४५ मध्ये नागपुरास आला आणि धर्मप्रचाराबरोबरच भूशास्त्र, पुरातत्त्व व आदिवासींच्या भाषा यांचा त्याने अभ्यास केला. टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी तो ओढ्याच्या पुरात बुडून मरण पावला. त्याची टिपणे मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल याने १८६६ मध्ये नागपुरात प्रसिद्ध केली. त्यांत एका परधानाच्या तोंडून घेतलेले, सुमारे एक हजार ओळींचे लिंगोगीत रोमन लिपीत व इंग्रजी भाषांतरासह दिले आहे. मूळ गोंडी शब्द ओळीने दिल्यामुळे पुढील अभ्यासकांस भाषांतर तपासता येऊ लागले, हे या ग्रंथाचे चिरस्थायी मोल होय. गीताकडे पाहण्याची दृष्टी मात्र त्या काळचीच राहिली. महादेव, पार्वती, भगवान ही नावे आली की तो भाग हिंदूंकडून आलेला आणि उरलेला भाग तेवढा ‘मूळचा’, अशी छाननी करण्याकडे तत्कालीन अभ्यासकांचा कल होता.

जेम्स फॉर्सिथ (१८३८–७१) या वनाधिकाऱ्याच्या १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथात हे गीत संक्षिप्त पद्यरूपात आले. त्यासाठी त्याने लाँगफेलो या अमेरिकन कवीच्या ‘हायावाथा’ काव्याचा छंद निवडला आणि लिंगोस ‘संत’ ही उपाधी दिली. या दोन्ही गोष्टी इंग्रज वाचकास कथा जवळची वाटावी म्हणून केल्या गेल्या, आणि त्या उद्देशात यशही आले. परंतु पुनरुक्ती कापल्याने विधीतील गायनाचे रूप नाहीसे झाले आणि ‘संत’ या शब्दाने लिंगोचे कार्य दुसऱ्याच चौकटीत गेले. संत हा स्थापित धर्मातील भक्तश्रेष्ठ असतो. लिंगो हा गोंडांच्या दृष्टीने धर्माची, नात्यांची व संगीताचीही घडी बसविणारा आहे. नागपूरचा बिशप आयर चॅटर्टन याचा गोंडवनावरील ग्रंथ आणि रसेल व हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथ, हे दोन्ही १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतूनही ही कथा मुख्यतः सारांशरूपानेच पसरली. परिणामी सुशिक्षित वाचकांस गीताची कथा परिचित झाली, पण गीत कोण, केव्हा व कशासाठी गातो हे अपरिचितच राहिले.

दृष्टिकोनातील बदल : १९३० नंतर क्षेत्रात दीर्घ काळ राहून केलेल्या अभ्यासांमुळे चित्र पालटले. व्हेरिअर एल्विन व श्यामराव हिवाळे यांनी मैकल डोंगरांतील गीतांचे संग्रह प्रसिद्ध केले. हिवाळे यांचा नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवरील ग्रंथ १९४६ मध्ये निघाला. गायकाकडे निव्वळ माहिती पुरविणारा म्हणून न पाहता परंपरेचा जाणकार म्हणून पाहण्याची दृष्टी त्यात आढळते. डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन याचा बस्तरमधील माडियांवरील ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि गडचिरोलीकडील माडियांच्या अभ्यासासही तो उपयुक्त ठरला.

या संदर्भात क्रिस्टोफ फोन फ्यूरर-हायमेनडॉर्फ (१९०९–९५) या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाचे कार्य निर्णायक होय. १९४० मध्ये कुमरम भीम याच्या नेतृत्वाखालील उठाव हैदराबाद संस्थानाने मोडून काढला. त्यानंतर संस्थानाच्या आदिवासी प्रदेशातील परिस्थितीकडे लक्ष वळले आणि हायमेनडॉर्फने आदिलाबादच्या गोंडांत संशोधन केले. मिथ्यकथा व विधी यांवरील त्याचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक सगाची स्वतःची कथामाला असते, ती त्या त्या देवकार्यात परधान सांगतो आणि विधीतील प्रत्येक कृतीस तिच्यातील एखाद्या प्रसंगाचा आधार असतो, हे त्याने तपशिलाने दाखविले. कथा ही आदिम कल्पनाविलास नसून समाजाच्या आचारधर्माची सनद आहे, असा याचा अर्थ होतो. याच प्रदेशात अधिकारी म्हणून काम केलेले मराठी इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनीही गोंडी भाषेचा अभ्यास करून गोंडांविषयी लेखन केले.

अर्थनिर्णयातील प्रमुख प्रश्न : (१) शब्दार्थ : मराठीत ‘सगा’ म्हणजे रक्ताचा नातलग. गोंडीत मात्र सगा हे बहिर्विवाही कुलसमूहाचे नाव असून ज्यांच्याशी सोयरीक होऊ शकते अशा इतर समूहांतील लोकांसही ते लावतात. मराठी अर्थ धरून गीत वाचल्यास ज्यांच्यात विवाह विहित आहे तेच निषिद्ध ठरावयाचे. चारदेवे, पाचदेवे, सहादेवे व सातदेवे या मराठीत रूढ झालेल्या नावांचाही असाच घोटाळा होतो. त्यांवरून हे लोक तितक्या निरनिराळ्या देवांना भजतात असा समज होतो. वस्तुतः ही संख्या कुलसमूह ओळखण्याची खूण असून तिचे मुख्य कार्य विवाहसंबंध ठरविणे हे आहे. कथेतील लिंगोने केलेली विभागणी हा अनेकदेवतावादाचा पुरावा नसून एकाच समाजाचे भाग परस्परांशी कसे बांधले आहेत, याचे ते निवेदन आहे. रेला या पालुपदासही पुष्कळ संग्राहकांनी निरर्थक ठरविले. गोंडीत बहाव्याच्या झाडालाही रेला म्हणतात आणि गाणारे लोक या उच्चारास मंगल मानतात. शब्दकोशातील अर्थ नसला म्हणजे गायकाच्या लेखी अर्थ नाही, असे होत नाही.

(२) महादेवाचे स्थान : कथेतील महादेव गोंडांना गुहेत कोंडतो व पुढे अट घालून सोडतो. बाहेरील वाचक येथे एक तर हिंदू पुराणाचे अनुकरण पाहतो, नाही तर हिंदू देवाविरुद्धचा रोष. परंपरागत परधान ‘श्री शंभू’ हा गोंडांच्याच कथेतील थोर देव म्हणून सांगतो व त्याच्याविषयी आदर बाळगतो. पुनेम चळवळीतील लेखक शंभू हे एका व्यक्तीचे नाव नसून परंपरेने चालत आलेले पद आहे, असे मांडतात. नावाचा उगम कोठला, हा भाषेच्या व संपर्काच्या इतिहासाचा प्रश्न आहे. ते नाव उच्चारणाऱ्यास काय अभिप्रेत आहे, हा धर्माचा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा निकालात काढणे, ही या क्षेत्रातील सर्वांत जुनी चूक होय.

(३) गोंडांची निंदा : आरंभीच्या भागात गोंड वाटेल ते खातात, त्यांचा गंध देवांना सोसवत नाही, असे वर्णन येते. मिशनरी दृष्टीस ती मूळ पापाची कबुली वाटू शकते आणि उच्चवर्णीय वाचकास आपल्याच समजुतीची पुष्टी. परंतु हा भाग गाणारे व ऐकणारे गोंडच असतात, आणि कथा तेथे संपत नाही. नियम, नाती व उपासना मिळण्यापूर्वीची स्थिती आणि लिंगोनंतरची स्थिती यांतील अंतर ठसविणे, हे त्या भागाचे प्रयोजन दिसते. गोंडांच्या अभावाने पार्वती अस्वस्थ होते, हा प्रसंग वगळून निंदेचा भाग तेवढा उद्धृत करणे, हे कथेवर अन्यायाचे होय.

(४) मृतसंस्कारातील गीते : परधानाचे मृत्यूप्रसंगीचे गायन ऐकून त्यास विलापगीत म्हटले जाते. गोंड श्रद्धेनुसार मृताचा जीव कुळाच्या पेनाकडे व पूर्वजांकडे पोहोचवावा लागतो आणि हे पोहोचविण्याचे काम गायनाने व विधीने होते. गीत येथे शोकाची अभिव्यक्ती नसून एक आवश्यक कृती आहे. परधानास मिळणाऱ्या वस्तू म्हणजे करमणुकीची बिदागी नव्हे. त्या या कृतीशी जोडलेल्या असतात. याच प्रकारे दिवाळीच्या सुमारास राजुरा-जिवतीकडे नाचणारे घुसाडी मोरपिसांच्या मुकुटामुळे सोंगासारखे दिसतात, पण त्या काळात ते व्रतस्थ असतात.

(५) पुनरुक्ती : तीच वाक्ये पुन्हा येतात, अंतरे व संख्या त्याच त्याच असतात. छापील पानावर हे कंटाळवाणे वाटते. गायनात मात्र पुनरुक्तीमुळे गायकास स्मरणाचा आधार मिळतो, श्रोत्यांस साथ करता येते आणि विधीच्या कृती गीताच्या गतीशी जुळतात. रात्रभर चालणाऱ्या देवकार्याचे गीत अर्ध्या तासात वाचून होईल असे केले की त्याचा सारांश राहतो, गीत राहत नाही.

इतर परंपरांशी तुलना : हा प्रश्न केवळ आदिवासींपुरता नाही. विठ्ठलास माउली म्हणणारा वारकरी दैवताच्या लिंगाविषयी विधान करीत नसतो, हे मराठी वाचकास समजावून सांगावे लागत नाही. परक्यास मात्र ते सांगावे लागते. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची ख्रिस्ती भजने अभंग-ओवीच्या वळणाची आहेत. म्हणून ती केवळ नाव बदललेली भक्तिगीते ठरत नाहीत, कारण त्यांचा गाभा ख्रिस्ताच्या आत्मयज्ञावरील श्रद्धेत आहे.

अमेरिकेत जोसेफ स्मिथ (१८०५–४४) याने १८३० मध्ये स्थापिलेल्या मॉर्मन पंथाच्या स्तोत्रांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. स्मिथच्या हत्येनंतर डब्ल्यू. डब्ल्यू. फेल्प्स याने १८४४ मध्ये रचलेले त्याचे स्तुतिगीत बाहेरील ख्रिस्ती वाचकांस मनुष्यपूजा वाटत आले आहे. पंथीयांच्या मते ते संदेष्ट्याविषयीची कृतज्ञता आहे आणि उपासना परमेश्वराचीच होते. एलायझा स्नो हिच्या १८४५ मधील प्रसिद्ध गीतात स्वर्गीय मातेचा उल्लेख येतो. बाहेरील वाचक तो काव्यालंकार समजेल, परंतु जन्मापूर्वी आत्म्यांस अस्तित्व होते व त्यांस स्वर्गीय माता-पिता आहेत, हे त्या पंथाचे प्रत्यक्ष मत आहे. एका ठिकाणी बाहेरचा वाचक नसलेला अर्थ गीतात घालतो, तर दुसऱ्या ठिकाणी असलेला अर्थ अलंकार म्हणून काढून टाकतो. लिंगोगीताच्या वाचनात या दोन्ही चुका झाल्या आहेत. मॉर्मन पंथास छापील ग्रंथ, संस्था व प्रवक्ते असल्याने तो उत्तर देऊ शकला. परधानाचे उत्तर दीर्घ काळ कोणी विचारलेच नाही.

जनगणना व धार्मिक ओळख : अर्थनिर्णयाचे परिणाम ग्रंथांपुरते राहिले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जनगणनांत आदिवासींच्या उपासनेस जडप्राणवादी अशा वर्गात घातले गेले, तर १९३१ मध्ये आदिवासी धर्म असा उल्लेख झाला. पुढे असा स्वतंत्र वर्ग उरला नाही. मध्यंतरी आदिवासी हे मागासलेले हिंदूच होत, असे मत समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ च्या आपल्या ग्रंथात मांडले, तर एल्विन यांनी आदिवासींच्या वेगळेपणावर भर दिला. अशा वादात गीतांतील महादेव-पार्वती या नावांना पुराव्याचे मोल येणे स्वाभाविक होते. २०११ च्या जनगणनेत ‘इतर धर्म’ या सदराखाली दहा लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म गोंड वा गोंडी असा नोंदविला. त्याच जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लाख होते. गीतांत कोणता धर्म व्यक्त झाला आहे, हा प्रश्न यामुळे नागरिकांच्या नोंदीशीही येऊन भिडला आहे.

समाजांतर्गत अर्थनिर्णय : विसाव्या शतकाच्या अखेरीस गोंड लेखकांनी परंपरेची मांडणी स्वतः करण्यास आरंभ केला. यांत नागपूरचे मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) हे अग्रणी होत. ‘पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन’ या हिंदी ग्रंथात त्यांनी लिंगोकथेची पुनेम, म्हणजे सन्मार्ग, या तत्त्वाभोवती संगतवार मांडणी केली. कचारगडच्या यात्रेस आलेले आजचे रूपही या जागृतीशी निगडित आहे. आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाला येथे गोंडीची हस्तलिखिते मिळाली. ती ज्या लिपीत आहेत ती गुंजाला गोंडी, तसेच मुन्शी मंगलसिंग मसराम यांची लिपी या दोहोंस संगणकीय युनिकोड प्रणालीत अनुक्रमे २०१८ व २०१७ मध्ये स्थान मिळाले.

तथापि आतून केलेला प्रत्येक अर्थ एकमुखी असतो असे नाही. देवकार्यात गाणारा परधान, भामरागडचा पेरमा आणि शहरातील सुशिक्षित पुनेमवादी लेखक हे तिघेही आतलेच होत, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. परधानाच्या कथेतील चमत्कार पुनेमवादी लेखक पुष्कळदा इतिहास वा रूपक म्हणून समजावतात. माडियांच्या गीतांत लिंगोकथेची हीच मांडणी आढळेल, असेही गृहीत धरता येत नाही. यांपैकी एकास प्रमाण मानून इतरांस भ्रष्ट ठरविणे, ही बाहेरच्या अभ्यासकाने पूर्वी केलेल्या चुकीचीच पुनरावृत्ती होईल. तसेच श्रद्धेचे विधान व इतिहासाचे विधान यांत फरक करावयास हवा. कचारगड हीच कथेतील गुहा, हे श्रद्धेचे विधान म्हणून जसेच्या तसे नोंदविले पाहिजे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रा गोंडीत वाचल्याचा कंगाली यांचा दावा मात्र इतिहासाचे विधान असल्याने त्यास इतिहासाच्याच कसोट्या लागतात, आणि सिंधू लिपीचे कोणतेही वाचन अद्याप सर्वमान्य झालेले नाही.

मूल्यमापन : गेल्या दीडशे वर्षांच्या अनुभवातून अर्थनिर्णयाची काही सूत्रे निष्पन्न होतात. गीत कोणी, कोणत्या प्रसंगी व कोणासाठी गाइले याची नोंद पाठाइतकीच महत्त्वाची मानावी. शब्दाचा अर्थ त्याच भाषेत व त्याच विधीत तपासावा. एका पाठास मूळ ठरवून इतरांस अपभ्रंश म्हणू नये. उगमाचा प्रश्न व अर्थाचा प्रश्न वेगळे ठेवावे. आणि अर्थ सांगून झाल्यावर, तो सांगणाऱ्या गायकास आपली श्रद्धा त्यात ओळखू येते का, हे पाहावे. या सूत्रांचा अवलंब करण्यासाठी अभ्यासकाने ती श्रद्धा स्वीकारण्याची आवश्यकता नाही. टीका करण्याचा त्याचा अधिकारही अबाधित राहतो. ज्यावर टीका करावयाची ते मत त्या लोकांचेच असावे, एवढेच बंधन त्यावर येते.

परधानांची नवी पिढी किंगरीपासून दूर जात आहे आणि अनेक गावांत गोंडीची जागा मराठी, हिंदी व तेलुगू घेत आहेत. ज्या गायकास अर्थ विचारता येतो, तो असेपर्यंतच वरील शेवटची कसोटी लावता येते. हिस्लॉपने गीत लिहून घेतले, परंतु ते सांगणाऱ्या परधानाने त्याचा अर्थ काय सांगितला असता, हे आज समजण्याचा मार्ग नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत आजही देवकार्यात उभे राहून गाणारे परधान आहेत, आणि पंडुमात गाणारी माडिया गावे आहेत. गीताबरोबर त्यांचा अर्थही त्यांच्याच तोंडून नोंदविणे, हे या क्षेत्रातील सर्वांत निकडीचे कार्य होय.